पाच पळ्या तेल

तानाजीने किकवर पाय ठेवला, हँडल घट्ट धरलं आणि अंगाचं सगळं वजन खाली सोडलं. किक हलली नाही. तानाजीच चार बोटं वर उचलला गेला आणि क्षणभर तसाच, एका पायावर, अधांतरी उभा राहिला.

"धरलंय," तो खाली उतरत म्हणाला.

ओसरीच्या खांबाला टेकून बसलेल्या बद्रीनाथांनी विचारलं, "काय धरलंय?"

"पिस्टन, आबा. आतून जाम झालाय."

बद्रीनाथांनी मान हलवली. तीन आठवड्यांपूर्वी लातूरच्या डॉक्टरांनी हृदयातली एक झडप आवळत चालली आहे असं सांगितलं, तेव्हाही त्यांनी अशीच मान हलवली होती, दुसऱ्याच्या शेतातल्या पिकाबद्दल ऐकल्यासारखी. आरोही, त्यांची नात, तेव्हा शेजारीच बसली होती. डॉक्टरांना सगळे प्रश्न तिनेच विचारले होते: झडपेचं तोंड किती उरलंय, ऑपरेशनला किती तास लागतात, शंभरातले किती जण चालत घरी जातात. बद्रीनाथांनी एकच विचारलं होतं, कधी यायचं.

सोमवारी यायचं होतं. आज गुरुवार होता. मधल्या दिवसांत त्यांनी स्वतःसाठी एकच काम ठेवलं होतं. कडब्याच्या खोलीत पंधरा वर्षं उभी असलेली राजदूत चालू करायची आणि बायकोच्या हातात द्यायची.

गाडी बायकोचीच होती. छबुबाई धारूरच्या डोंगरपट्ट्यात नर्स होत्या. उपकेंद्र एका गावात, वाड्या आणि तांडे मिळून सात, आणि एसटी त्यांतल्या दोनच ठिकाणी जाणारी. पंच्याऐंशी साली त्यांनी जुनी राजदूत विकत घेतली आणि गावाबाहेरच्या खळ्यावर गोल गोल फिरवत ती शिकल्या. मागचं कॅरिअर धरून बद्रीनाथ पळायचे. त्यांना स्वतःला गाडी कधी आली नाही आणि त्यांनी शिकायचं मनावरही घेतलं नाही. बैलाला कासरा असतो, हिला कुठं असतो, एवढंच ते म्हणायचे. पुढची चोवीस वर्षं लसींचा निळा डबा मागे बांधून छबुबाई तो डोंगर चढल्या आणि उतरल्या. सुरुवातीला लोक हसले. मग हसणाऱ्यांच्या सुना बाळंत झाल्या आणि हसणं थांबलं. काही वर्षांनी तर गाडीचा आवाज घाटात ऐकू आला की बायका पोरांना काखेत मारून पारावर जाऊन बसायच्या. कुणाला निरोप धाडावा लागत नसे.

दोन हजार नऊच्या शेवटी त्या निवृत्त झाल्या. गाडी खोलीत लावताना बद्रीनाथ म्हणाले होते, "तू म्हणशील तवा चालू करून दीन." छबुबाईंनी पंधरा वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. आणि आता सगळा खटाटोप सुरू झाल्यावर घरात त्या एकट्याच त्याच्या विरोधात होत्या.

"लातूरहून आल्यावर बघू की," चहाचे कप ओसरीच्या कडेला ठेवत त्या म्हणाल्या. "गाडी काय पळून चाललीय?"

"आल्यावरचं आल्यावर. जबान दिलेली हाय."

"मी मागितलीच नाही तर?"

"तू न्हाई मागितली म्हणून मी दिलेली जात न्हाई," बद्रीनाथ म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

छबुबाईंनी राजदूतकडे पाहिलंही नाही. त्या आत निघून गेल्या.

शेजारच्या विठ्ठलरावांना मात्र या कामात फार रस होता. दर तासाभराने ते मधल्या भिंतीवर कोपरं टेकून उभे राहायचे आणि विचारायचे, "काय बे तान्या, नर्सबाईची घोडी उठती का न्हाई?"

"घोडी उठंल," तानाजी मान वर न करता म्हणायचा. "तुमी आधी भिंतीवरनं उठा."

तानाजी पन्नाशी ओलांडलेला होता. धारूरच्या स्टँडमागे त्याचं गॅरेज होतं आणि जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना हात लावणारा तालुक्यात तोच एक उरला होता. आरोही सकाळपासून त्याचे हात बघत होती. खाली गोणपाट पसरून त्याने पाने लहानमोठ्या क्रमाने मांडले होते. निघालेला प्रत्येक नट अंड्यांच्या रिकाम्या ट्रेच्या एकेका खळग्यात जात होता आणि खळग्याच्या कडेला खडूने आकडा पडत होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत इतकी शिस्त पाळणारी माणसं तिने बोटावर मोजण्याइतकी पाहिली होती आणि त्यांतली दोन प्राध्यापक होती.

त्याने प्लगला पाना लावला, जोर करण्यासाठी श्वास घेतला, आणि प्लग अर्ध्या जोरातच सहज फिरला. तानाजीच्या कपाळावर आठी पडली.

"पंधरा वर्षांचा प्लग असा निघत नसतो," तो हळूच म्हणाला. "हा मधी मधी निघतोय."

आरोहीने टॉर्च धरली आणि भोकाला डोळा लावला. गंजाचा तांबूस थर दिसेल असं तिला वाटलं होतं. आत होतं ते वेगळंच. पिस्टनच्या डोक्यावर आणि सिलिंडरच्या भिंतीला मधाच्या रंगाचा, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा होता. उजेड त्यातून आत जात होता आणि तळाच्या धातूवर आपटून परत येत होता. तिने सायकलच्या स्पोकच्या टोकाने खरवडलं. नखाएवढा तुकडा बाहेर आला. तो मोडत नव्हता, वाकत होता. तिने वास घेतला. हा वास तिच्या ओळखीचा होता. सुटीत इथे आल्यावर आजी तिला तेलाच्या बरणीचं झाकण घासायला द्यायची, त्या झाकणाच्या आट्यांत साचलेल्या चिकट किटणाचा.

"आबा," तिने विचारलं, "तुम्ही यात काही टाकत होता का?"

बद्रीनाथ खांबापासून पुढे सरकले. हा प्रश्न कुणी तरी विचारावा म्हणून ते पंधरा वर्षं थांबले असावेत, तसा त्यांचा चेहरा झाला.

मग त्यांनी सविस्तर सांगितलं. गाडी उभी केली तेव्हा धारूरचा जुना मिस्तरी, तानाजीचा उस्ताद, म्हणाला होता की वर्षाला एकदा प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडत जा, म्हणजे आतून जाम होणार नाही. बद्रीनाथांनी त्यासाठी खंडेनवमी धरली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, टिकाव धुऊन मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं आणि मग कडब्याच्या खोलीत जायचं. हेडलाइटला कुंकू लावायचं. पान्याने प्लग काढायचा, पूजेच्या पळीने पाच पळ्या तेल सोडायचं, प्लग पुन्हा बसवायचा. एका वर्षी अंगात ताप होता, तरी केलं. एका वर्षी पाऊस नव्हता, तेव्हा तेल सासुरवाडीहून मागवलं. पंधरा नवम्यांत एकही चुकली नव्हती.

"तेल कोणतं, आबा?"

"कोणतं म्हंजे? आपल्या रानातली करडई. लाकडी घाण्यावरचं. बाजारचं थेंबभर टाकलं न्हाई कधी." त्यांनी बोट वर केलं. "मिस्तरीनं डब्यातलं तेल दाखवलं व्हतं मला. कसलं का असंना ते. म्हणलं, उन्हाळ्यात बैलाला आपून करडईचं पाजतो, मग हिनं काय पाप केलंय? चोवीस वर्षं वागवलंय हिनं तुझ्या आजीला. एकदा कुठं पाडलं न्हाई."

तानाजीने आरोहीकडे पाहिलं. आरोही स्पोकच्या टोकावरच्या तुकड्याकडे पाहत राहिली.

हात धुण्याच्या निमित्ताने ती तानाजीला हौदाकडे घेऊन गेली आणि शक्य तितक्या साध्या शब्दांत तिने त्याला सांगितलं. करडईचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं. त्याचे रेणू एकमेकांना हात धरावेत तसे जोडले जातात आणि पातळ तेलाची सालपटं होतात. चित्रकार रंगात जवसाचं तेल घालतात ते याच गुणासाठी. खायला हे तेल उत्तम. पण बंद इंजिनात वर्षानुवर्षं ठेवायला याहून वाईट तेल शोधून सापडलं नसतं.

"म्हंजे आबांनी वार्निश केलंय आतनं."

"तसंच म्हणा."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने हातावरचं पाणी झटकलं आणि ओसरीकडे पाहिलं. बद्रीनाथ विठ्ठलरावांना काही तरी सांगत होते. हवेत हाताची पळी करून ती पाच वेळा ओतून दाखवत होते.

"हे त्यांना सांगायचं न्हाई," तानाजी म्हणाला.

"पण ते खरं आहे. आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा तेच टाकतील."

"सोमवारी कुठं चाललेत ते?"

आरोहीने ओले हात पुसले.

तानाजी अंगणात परत गेला आणि मोठ्याने म्हणाला, "हवेनं धरलंय, आबा. सुटंल."

आरोहीने ते वाक्य मनात तपासून पाहिलं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात एकही चूक नव्हती.

सुटेल म्हणणं सोपं होतं. तानाजीला असली घाण कॉस्टिक सोड्याने काढायची सवय होती. आरोहीने त्याला थांबवलं. सिलिंडर बिडाचा आहे, त्याला काही होणार नाही, पण पिस्टन अॅल्युमिनियमचा, कॉस्टिक तो खाऊन टाकेल. मग तिने स्वयंपाकघरातून स्टीलची तीन झाकणं आणली. खरवडलेल्या पापुद्र्याचे तीन सारखे तुकडे केले. एका झाकणात पेट्रोल, दुसऱ्यात डिझेल, तिसऱ्यात रंगवाल्याकडचं थिनर घेतलं, प्रत्येकात एक तुकडा टाकला आणि मोबाइलवर वेळ लावून ती उकिडवी बसली. दर दहा मिनिटांनी ती काडीने तुकडे टोचायची आणि पाठकोऱ्या कागदावर लिहायची. तानाजी थोडा वेळ उभ्याने बघत होता, मग तोही तिच्यासमोर बसला. चाळीस मिनिटांनी थिनरमधला तुकडा फुगून बुळबुळीत झाला. बाकीचे दोन जसेच्या तसे होते.

"आमी अंदाजानं करतो," तानाजी म्हणाला. "असं इचारून घ्यायचं असतं व्हय."

त्या संध्याकाळी त्यांनी भोकातून थिनर भरलं आणि प्लगच्या जागी चिंधीचा बोळा लावला.

शुक्रवारी दिवसभर काहीच घडलं नाही. तीन वेळा थिनर बदललं. दर वेळी बाहेर येणारा द्रव चहासारखा तांबूस दिसायचा, म्हणजे आत काही तरी विरघळत होतं; पण किक दगडासारखीच राहिली. परळीहून अमरसिंहांचा, म्हणजे आरोहीच्या बाबांचा, दोनदा फोन आला. आबांना दगदग करू देऊ नका, गाडी काय महत्त्वाची आहे का, असं त्यांनी दोन्ही वेळा विचारलं. आरोहीने दोन्ही वेळा नुसतं हो म्हटलं, आणि कोणत्या प्रश्नाला हो म्हटलं ते बाबांनी विचारलं नाही.

चारच्या सुमारास बद्रीनाथ जवळून बघायला म्हणून ओसरीवरून उठले. पायऱ्या दोनच होत्या. दुसऱ्या पायरीवर ते थांबले, भिंतीला हात लावला आणि तिथेच खाली बसले. ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या.

"दम खातो जरा," ते म्हणाले.

छबुबाई दारातून आल्या. त्यांनी नवऱ्याचं मनगट हातात घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मिनिटभर त्यांचे ओठ हलत राहिले. मग त्यांनी मनगट जपून त्यांच्या मांडीवर परत ठेवलं. बद्रीनाथ त्यांच्याकडे नाही, गाडीकडे पाहत होते. छबुबाई काही वेळ त्यांच्या त्या पाहण्याकडे पाहत उभ्या राहिल्या. गेले दोन दिवस ज्या गाडीजवळ त्या फिरकल्या नव्हत्या तिच्यापाशी गेल्या, सिलिंडरवर तळहात ठेवला आणि तानाजीला म्हणाल्या, "नुसतं भिजवून हे सुटायचं नाही. शेक द्यावा लागंल."

त्यांनी चुलीवर कढईत वाळू तापवली आणि जुन्या धोतराच्या फडक्यांत तिच्या पुरचुंड्या बांधल्या. आरोही घाबरली, थिनरची वाफ पेट घेते, चूल इकडे आणायची नाही, वाळू फार तापवायची नाही, असं ती सांगत राहिली.

"मला शिकवू नको," छबुबाई म्हणाल्या. "तान्ह्या लेकराच्या पोटाला देतात तेवढीच ऊब आहे. हात लावून बघ."

आरोहीने हात लावून पाहिला. तेवढीच होती.

सिलिंडरभोवती पुरचुंड्या लावायच्या, निवल्या की बदलायच्या. अंधार पडेपर्यंत छबुबाईंनी त्या अकरा वेळा बदलल्या. कितवी खेप आहे ते त्यांना विचारावं लागत नव्हतं.

शनिवारी सकाळी तानाजीने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं. चाक फिरवायचं म्हणजे आतला पिस्टन हलवायचा. जोर लावण्याचा मोह कुणालाही झाला असता. तानाजीने तो आवरला. चाकाला पुढे थोडा दाब, मागे थोडा दाब, पुन्हा पुढे, दार उघडेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसासारखा. एक तळहात तो मधूनमधून सिलिंडरवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा.

"हाताला कळतं," आरोहीने विचारण्याआधीच तो म्हणाला. "आडमुठं असलं की थंड लागतं. सोडायला लागलं की बारीक थरथरतं. घाई केली की पिस्टनची काडी तुटती."

अकरा वाजता त्याने टायरवर आणि मडगार्डवर खडूची एकेक रेघ मारली. पाऊण तासाने आरोहीने पट्टी लावून दोन रेघांमधलं अंतर मोजलं. दोन मिलिमीटर. कागदावर तिने ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या तासात नऊ. मग बोटभर. जेवणं झाल्यावर तानाजीने पुन्हा चाक धरलं आणि आतून जाड कापड फाटल्यासारखा लांब आवाज आला. चाक एक पूर्ण फेरा फिरलं.

बद्रीनाथांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्या आत पाहिलं आणि पुन्हा घातली.

तानाजीने हेड उतरवलं, थिनरचा बोळा आतून फिरवला आणि उरलेला मधाळ थर पुसून काढला. तो मध्येच थांबला आणि आरोहीला जवळ बोलावलं. सिलिंडरची भिंत आरशासारखी होती. त्याने नख वरून खाली फिरवलं. कुठेच अडकलं नाही. उभ्या राहिलेल्या गाड्यांची इंजिनं त्याने आयुष्यभर उघडली होती, तो सांगू लागला, आणि प्रत्येकात गंजाचे खड्डे निघाले होते. सिलिंडर आतून कोरून, बोअर करून घ्यावा लागला नाही असं एकही आठवत नव्हतं.

आरोहीच्या लक्षात आलं. ज्या थराने पिस्टन धरून ठेवला होता, त्यानेच पंधरा वर्षं हवा आणि ओल लोखंडापर्यंत पोहोचू दिली नव्हती. ती सिलिंडरकडे पाहत राहिली. कोणत्याही पुस्तकाने हे करायला सांगितलं नसतं.

"आबा, या इकडं. यात तोंड बघा," तानाजीने हाक मारली, आणि ते आरोहीच्या आधाराने आल्यावर म्हणाला, "तेलामुळं राहिलं हे. न्हाईतर गंजानं खाल्लं असतं."

बद्रीनाथांनी वाकून आत पाहिलं. ते बराच वेळ वाकलेले राहिले. उठले तेव्हा त्यांनी विठ्ठलरावांच्या भिंतीकडे एकदा पाहून घेतलं. नेमके तेव्हा विठ्ठलराव तिथे नव्हते.

उरलेलं काम तानाजीच्या रोजच्या सवयीचं होतं. खालच्या बाजूने इंजिनात साचलेलं दाट तेल जमेल तेवढं काढून टाकलं, कार्ब्युरेटर सोडवून तारेने साफ केला, पॉइंटवरची काजळी पॉलिशपेपरने घासली, टाकीत बारीक खडी घालून ती हलवून हलवून धुतली. अंड्यांचा ट्रे खळग्याखळग्याने रिकामा होत गेला. शेवटी एकही नट उरला नाही आणि कमीही पडला नाही.

रविवारी सकाळी नऊला सगळे अंगणात होते. विठ्ठलराव तर भिंतीला वळसा घालून सरळ आत आले होते. तानाजीने कॅनमध्ये पेट्रोल आणलं होतं. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, म्हणून तेलाचा डबाही होता. त्याने डबा उघडला तोच छबुबाईंनी पुढे होऊन तो त्याच्या हातातून घेतला. दुसऱ्या हातात औषध मोजायचा प्लास्टिकचा छोटा कप होता. त्यांनी कप डोळ्यांच्या पातळीवर धरला, रेघेपर्यंत तेल ओतलं, कॅनमध्ये उलटा केला, पुन्हा भरला.

"लिटरला चाळीस मिली," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. कॅनचं झाकण लावून त्यांनी तो दोन्ही हातांनी हलवला. "कमी पडलं की पिस्टन धरतो. जास्त झालं की प्लग खराब. आणि भलतंच तेल पडलं तर विचारायलाच नको."

आरोहीने तानाजीकडे पाहिलं. तानाजी गाडीची चेन न्याहाळत होता. तिच्यात न्याहाळण्यासारखं काही नव्हतं.

पेट्रोल टाकीत गेलं. छबुबाईंनी सांगितल्याप्रमाणे तानाजीने कार्ब्युरेटरवरचं बटण दाबून पेट्रोल वर येऊ दिलं आणि किक मारली. काही नाही. पुन्हा. काही नाही. पाचव्या किकला इंजिन खोकलं. सातव्याला सायलेन्सरमधून मुठीएवढा धुराचा गोळा बाहेर पडला. बद्रीनाथांनी खांब सोडला होता. कुणाच्याही आधाराशिवाय ते पायरीवर उभे होते आणि प्रत्येक किकेबरोबर त्यांचा उजवा गुडघा किंचित वाकत होता. नवव्या किकला राजदूत लागली.

आधी नुसता आवाज होता, अडखळणारा, मग त्याला ताल आला. भिंतीवरचे पारवे उडाले. पांढरा, मग निळसर धूर अंगणभर पसरला, तुळशीला आणि पाण्याच्या हौदाला वेढून विठ्ठलरावांच्या घराकडे गेला. आणि त्याच्याबरोबर वास आला. पेट्रोलचा नव्हे. कढईतलं तेल नीट तापल्यावर सणाच्या सकाळी घरात सुटतो तो वास.

विठ्ठलरावांनी नाक वर केलं.

"नर्सबाई, गाडीत भजे तळायलेत का?"

तानाजीने घाईने अॅक्सिलरेटर पिळला आणि पुढचं काही ऐकू येईना. आरोही आजोबांना धुरापासून बाजूला न्यायला धावली. त्यांनी तिचा हात हलकेच दूर केला. डोळे बारीक करून त्यांनी एक श्वास घेतला, थांबले, आणि दुसरा त्याहून सावकाश घेतला. मग त्यांनी सायलेन्सरकडे पाहिलं, तिथून स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि शेवटी अंगणातल्या मातीकडे.

छबुबाईंनी पदर कमरेला खोचला. तानाजीने हँडल धरून ठेवलं तेवढ्यात त्या बसल्या, पायाने स्टँड वर घेतला, क्लच दाबला, गिअर टाकला. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला या वयात हे करू द्यावं का, हा प्रश्न आरोहीला पडेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली होती. रस्त्याच्या वळणावर खड्डा होता. आवाज तिथे हळू झाला आणि पुन्हा वाढला. बद्रीनाथ मान वळवत तो आवाज ऐकत राहिले: शाळेपर्यंत, उताराला, पाराशी, आणि तिथून परत.

छबुबाईंनी अंगणात येऊन गाडी बंद केली. अचानक इतकं शांत झालं की गरम सिलिंडरची टिकटिक ऐकू येऊ लागली. त्यांचे केस विस्कटले होते. त्या खाली उतरल्या नाहीत.

बद्रीनाथ दोन पायऱ्या न थांबता उतरले आणि गाडीच्या हेडलाइटसमोर उभे राहिले.

"तानाजी," ते म्हणाले, "एक इचारायचं व्हतं. येत्या नवमीला हिच्यात कोणतं तेल सोडू?"

तानाजीने आधीच पुसलेला पाना पुन्हा पुसायला घेतला. उत्तर आरोहीला माहीत होतं. ते तिच्या पायाशीच होतं, डब्यावर नाव आणि प्रमाण छापलेलं. तिने तोंड उघडलं.

"जे सोडता तेच," छबुबाई म्हणाल्या.

आरोहीने आजीकडे पाहिलं. छबुबाई बोटाने स्पीडोमीटरच्या काचेवरची धूळ पुसत होत्या.

"घाण्यावरनं डबा आला की नवमीची तुमची वाटी मीच आधी काढून ठेवते ना दरसाली?" त्या म्हणाल्या. "औंदाबी काढून ठेवीन. फक्त पाचाच्या तीन पळ्या करा."

बद्रीनाथांनी हाताची पळी केली आणि हवेत मोजून ओतून पाहिली.

"चार," ते म्हणाले.